विंचरलेली भिंत

अहो, नख लावू नका भिंतीला! फोटो काढा हवे तितके, पण 'काय मस्त टेक्स्चर आहे' असं माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका. टेक्स्चर म्हणे! विंचरलेली भिंत आहे ती. आमच्या कुसूरवाडीत एकाही माजघराची भिंत गुळगुळीत नाही, सगळीकडे अशाच नागमोडी रेघा. का ते आधी ऐका.

फार पूर्वी इथले देशमुख नवं घर बांधत होते. त्यांचा गवंडी परांचीवरून पडून मेला. त्याची बायको म्हाळसा, कोवळी पोर, केस गुडघ्यापर्यंत, असं सांगतात. घरात रक्त सांडलं, आता वास्तुशांत कशी करायची? देशमुखांनी तोडगा काढला: विधवेचं केशवपन करा, अपशकुन जाईल. बघा की! परांची यांची, कुजका दोर यांचा, आणि अपशकुन कुठं? तर तिच्या केसांत! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

न्हावी आला. देशमुखीणबाईंनी म्हाळसाच्या हातातली लाकडी फणी मागितली. "आता तुला ही कशाला?"

म्हाळसा म्हणे जी उठली ती तडक नव्या माजघरात शिरली. गवंड्यांनी चुन्याचा शेवटचा हात नुकताच दिला होता, भिंत ओली होती. तिनं फणी भिंतीत रोवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. "माझा धनी हिच्यापायी गेला. आता हिलाच विंचरते. वस्तऱ्याचं नाव घ्याल तोवर ही सपाट व्हायची नाही!"

देशमुख हसले. गवंड्यांनी थापी फिरवून रेघा पुसल्या, सकाळी पुन्हा वर. परत पुसल्या, परत वर. ते बघून न्हाव्यानं वस्तरा गुंडाळला आणि घर गाठलं. शेवटी देशमुखांची पाचावर धारण बसली. भिंतीला हात लावून त्यांनी शपथ घेतली, या गावात कुठल्याच विधवेच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. मग म्हणाले, "आता तरी होऊ दे सपाट."

म्हाळसा म्हणाली, "राहू द्या. विसराल."

आजही इथं नव्या घराच्या ओल्या भिंतीवर पहिली फणी विधवेची फिरते, मग सवाष्णी आत येतात. परवा सरपंचानं नव्या बंगल्याच्या भिंती गुळगुळीत करायला शहरातला रोलरवाला आणला. मला म्हणतो, "अक्का, शुभकार्य आहे, तुम्ही जरा मागं उभ्या राहा." माझे मालक गेल्यापासून पुष्कळ ऐकून घेतलं, पण तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "मेल्या, तुझ्या बापाच्या घरात पहिली रेघ माझ्या सासूनं ओढली! तिलाही मागं उभं केलं असतंस का?"

पदर खोचला आणि गेले आत. माझी भिंत पुरी होईपर्यंत सवाष्णी ओवाळायची ताटं घेऊन उन्हात उभ्या होत्या. सरपंचही.