पहिल्या हंगामाची हार

"म्हंजे पाचांतलं एकबी पोरगं कामाचं न्हाई?" कासम वस्तादांनी विचारलं.

"एकही नाही," इंद्रजित म्हणाला.

"...बरं."

एवढं बोलून म्हातारा गप्प झाला. वस्तादांचं हे गप्प बसणं इंद्रजितला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तेव्हापासूनच त्याला ते सोसत नसे. शिव्या घाला, कानाखाली काढा, पण असं गप्प बसू नका, असं त्याला व्हायचं.

दोघं कोल्हापुरात भैरोबा तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. इथं पेठेपेठेत तालीम, आणि तालीम म्हटली की आत लाल माती आणि बाहेर फुटबॉलचा संघ, हे सांगायला नको. कासम मुल्लाणींनी उभा जन्म दोन्ही शिकवलं. म्हणून फुटबॉलवालेसुद्धा त्यांना वस्तादच म्हणायचे.

इंद्रजित सरनोबत त्यांचा सगळ्यांत नावाजलेला चेला. खेळून झालं, आता मोठ्या शहरातल्या एका पैसेवाल्या क्लबाचा प्रशिक्षक होता. त्याची नजर म्हणे घारीची. पोरगं नुसतं चालताना बघितलं तरी सांगणार, हे खेळेल की नाही. असं कोण म्हणायचं? बहुतेक करून तोच म्हणायचा.

त्याच नजरेनं त्यानं गेल्या वर्षी क्लबासाठी पाच नवी पोरं निवडली. पेपरात फोटो आले, हारतुरे झाले. आणि आता हंगाम संपला तेव्हा क्लब गुणतक्त्यात सगळ्यांच्या खाली.

मालकांनी साधा प्रश्न टाकला होता. पोरं वाईट निघाली, की निवडणारा वाईट निघाला? आज दुपारी फोन करतो, एक काय ते सांगा.

पोरं वाईट म्हटलं तर पोरं घरी जाणार. दुसरं म्हटलं तर इंद्रजित घरी. कोल्हापूरला तो एवढ्यासाठीच आला होता की म्हाताऱ्यानं एकदा मान हलवावी. "बरोबर आहे तुझं" म्हणावं. मग फोनवर काय बोलायचं ते बोलायला तो मोकळा.

वस्ताद म्हणाले, एकेकाचं सांग.

त्यानं सांगितलं. बैलबाजारात दात बघून बोलावं तसा तो बोलत होता. गडहिंग्लजचा शीतल उपाध्ये, गोलकीपर, उंचीला ताडमाड, पण एक गोल खाल्ला की दुसरा खाईपर्यंत जागचा हलत नाही. अल्ताफ पळतो झकास, पण कुठं पळायचं ते त्याला सामना संपल्यावर कळतं. आणखी दोघांची तर त्यानं नावंही घेतली नाहीत. हात झटकले, झालं.

"आणि जोतिराम खवरे. पायात जादू आहे त्याच्या, खोटं कशाला बोलू. पण काळीज नाही. हरलो की रडतो."

"कुठं रडतो?"

"बाथरूममध्ये. नळ सोडून. आवाज येऊ नये म्हणून."

"मग तुला कसं कळलं?"

इंद्रजितला कळलं होतं, कारण पलीकडच्या बाथरूममध्ये तो स्वतः नळ सोडून उभा होता. हे काय सांगायचं असतं?

"...निवडलं कुणी त्यास्नी?" वस्तादांनी विचारलं.

"मी."

"घरातनं आणलं कुणी?"

"मीच."

जोतिरामच्या घरी तर तो स्वतः गेला होता. आई म्हणत होती, कॉलेज तरी पुरं करू दे. त्यानं त्या माउलीला सांगितलं, पोरगं माझ्या जबाबदारीवर सोडा. तिनं सोडलं. आज सकाळी त्याच पोराचा फोन आला होता. सर, बॅग भरू का राहू? इंद्रजित म्हणाला होता, बघतो.

आता त्याला राग आला. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो म्हाताऱ्याला समजावत सुटला. तुमचा काळ निराळा होता वस्ताद, पेठेचा संघ, पेठेची पोरं, हरलं तरी संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसायची. आता मालक पैसा ओततात, एका हंगामात हिशेब मागतात. कच्चं पोरगं सांभाळत बसलो तर आपणच बुडतो. खूप बोलला. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाबद्दल तो सहज म्हणाला असता. स्वतःबद्दल तेवढं सुचत नाही माणसाला.

वस्ताद ऐकत होते. मान काही हलली नाही.

"वस्ताद, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

तेवढ्यात फोन वाजला.

उठून बाजूला जाता आलं असतं. पण तो उठला नाही. आपण काही चोरून करत नाही, हे म्हाताऱ्याला दिसावं, असं त्याला वाटलं असावं.

"हो साहेब," तो म्हणाला. "नाही, निवड चुकली नव्हती. पोरांतच दम नव्हता. पाचही सोडा."

पलीकडून बराच वेळ कुणीतरी गोड बोलत होतं. पुढच्या वर्षीची पोरंही तुम्हीच निवडा, असं काहीतरी. इंद्रजित दोनतीनदा "आभारी आहे" म्हणाला आणि त्यानं फोन खिशात टाकला.

सुटलो, असं त्याला वाटलं. आणि पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की वस्तादांकडे बघायचं धाडस होईना.

बघितलं तेव्हा म्हाताऱ्याचे दोन्ही हात डोक्याकडे गेले होते. चेला भेटायला येणार म्हणून त्यांनी आज केशरी फेटा बांधला होता. तो फेटा ते उतरवत होते. सावकाश, एकेक वेढा.

इंद्रजितनं ते लगेच ओळखलं.

भैरोबा तालमीची जुनी रीत होती. नव्या खेळाडूच्या पहिल्या हंगामाची हार वस्तादाच्या डोक्यावर. जुन्यांना जाब विचारा, शिव्या द्या, पण नव्याला कुणी चकार शब्द बोलायचा नाही. बोलायचं तर वस्तादाला बोला. आणि वस्ताद फेटा उतरवणार, आणि ते पोरगं पुढं कधी मैदान मारेल तेव्हाच तो परत बांधणार.

इंद्रजितच्या पहिल्या हंगामात अंतिम सामन्यात त्यानं मागं दिलेला पास आपल्याच गोलमध्ये गेला होता. करंडक गेला. दुसऱ्या दिवसापासून कासम वस्ताद पेठेतून बोडक्या डोक्यानं हिंडायला लागले. लग्नात तसेच, उरुसात तसेच. लोक हसले, टोमणे मारले. इंद्रजितला मात्र कुणी "का रे" म्हणून विचारलं नाही. पुढं कितीतरी दिवसांनी त्यानं विजयी गोल मारला, तेव्हा मैदानातच उभं राहून म्हाताऱ्यानं फेटा बांधला होता. इंद्रजित त्या दिवशी ढसाढसा रडला होता. सगळ्यांसमोर, नळबिळ न सोडता.

"वस्ताद... हे काय करताय?"

"रीत हाय."

"ती नव्या पोरांची रीत. मी काय आता नवा आहे?"

फेट्याचं एक टोक गुडघ्याखाली दाबून वस्ताद घडी घालायला लागले.

इंद्रजितनं त्यांचे पाय धरले. पुन्हा फोन करतो म्हणाला. खिशातून काढलाही, आणि हातात धरून बसून राहिला. बटण काही त्याच्यानं दाबवलं नाही. ते त्याचं त्यालाही दिसलं, म्हाताऱ्यालाही दिसलं.

"पुढच्या हंगामात करंडक आणतो," तो म्हणाला. "तुमच्या पायाशी आणून ठेवतो. मग बांधा."

वस्ताद घडी घालत राहिले.

"मागं बांधला होता की नाही तुम्ही? माझ्यासाठी?"

"बांधला हुता."

"मग आता का नाही?"

म्हाताऱ्यानं घडी मांडीवर ठेवली. त्याच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तवा तू पोरगं हुतास, इंद्रा... वाट बघता येत हुती."