बातम्यांच्या वेळी चप्पल

एकदा एका गावातला रेडिओ बोलता बोलता गप्प झाला. तेव्हा त्यातून आलेली नुसती खरखर मला अजून ऐकू येते.

तो रेडिओ शाळेचा होता. बातम्या मुलेच गोळा करत, मुलेच वाचत, यंत्रही मुलेच सांभाळत. एका वृद्ध गुरुजींनी तो सुरू करून दिला होता. पण शिक्षकाने रेडिओच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा नियमही त्यांचाच. ते समोरच्या कट्ट्यावर बसून ऐकत. दारावरचा लाल दिवा लागला की आवाज गावभर जाई. मग दारापाशी कोणी बोलायचे नाही.

इरावती ही तिथली प्रमुख. खोलीची किल्ली तिच्या गळ्यात असे. दहावी संपवून ती शाळा सोडणार होती आणि बातम्या कनक नावाच्या धाकट्या मुलीकडे जाणार होत्या. कनक जरा अडखळली की इरावती माईक ओढून घेई. आपल्यामागे रेडिओ बंद पडेल, ही चिंता तिला पोखरत होती.

एका संध्याकाळी, बातम्या सुरू होण्याच्या बेतात असताना, गुरुजींनी पायातली एक चप्पल काढून तिच्या हाती दिली.

"बाजारातून शिवून आण."

"आत्ता? गुरुजी, बातम्या आहेत!"

"आत्ताच."

ती तणतणत चपलांच्या दुकानात आली. मीही तिथे बसलो होतो. रेडिओवर कनक वाचत होती. दुकानातल्या काकांनी चप्पल उलटसुलट करून पाहिली.

"हिला काय झालंय? धडधाकट आहे की!"

इतक्यात कनकचा आवाज थांबला. नुसती खरखर. इरावती निघालीच.

"अगं, चप्पल तरी ने," काका म्हणाले. "आणि घाबरतेस कशाला? नवी पोर आहे, दम खातेय."

भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली बाई हसली. "खाऊ दे बाई. आधीची ती श्वासच घ्यायची नाही. ऐकून आम्हालाच धाप लागायची!"

इरावतीचा चेहरा उतरला. रेडिओ मात्र कोणी बंद केला नाही. काकांनी हातोडी खाली ठेवली आणि कान दिला. रेडिओतून कुजबुज आली, "कनक, पाणी पी." घोट ऐकू आला. मग कनक म्हणाली, "उद्या बाजारपेठेतल्या नळांना पाणी येणार नाही." दुकान हसले, आणि बातम्या पुढे चालू झाल्या.

पुढचे मला गुरुजींनीच सांगितले. चप्पल त्यांच्यापुढे ठेवून तिने दबल्या आवाजात विचारले, "ती अडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मी इथे असायला हवं होतं!"

"तू असतीस तर तिने तुझ्याकडे पाहिलं असतं," गुरुजी म्हणाले. "बाळ, इतके दिवस तू गावाला ऐकवलंस. गाव कसं ऐकतं, हे आज पाहिलंस. आपलं पोर बोलताना थांबलं, तर गावही थांबतं. तेवढं थांबणं तुला जमलं, म्हणजे तुझं काम झालं."

लाल दिवा अजून लागलेला होता. इरावती दारापाशी गेली. गळ्यातली किल्ली काढून तिने चौकटीच्या खिळ्याला अडकवली. आतून कनकचा आवाज येत होता. क्षणभर ती उभी राहिली, आणि मग फाटकाकडे चालू लागली.