उंबरसाळची खालची धार

उंबरसाळच्या बारवेत उतरू लागलं की काही पायऱ्यांनंतर डाव्या हाताला, भिंतीच्या कडेला, दगडात वाटीएवढा खळगा दिसतो. पायांनी झिजून तो पडलेला नाही. इतक्या कडेला कुणी पाय ठेवतच नाही. तो पाण्याच्या धारेने पडला आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी, लोटा अगदी खाली धरून, लहान मुलाच्या ओंजळीच्या उंचीवरून ओतलेल्या पाण्याने.

हल्ली शहराला कंटाळलेली माणसं बायकामुलांना घेऊन राहायला लहानसं गाव शोधत हिंडतात. त्यातली काही उंबरसाळलाही येतात. बारवेवरच्या महादेवाची पूजा करणारे शिवराम गुरव त्यांना गाव दाखवतात. शाळा कशी आहे, दवाखाना किती लांब, मोबाइलला रेंज येते का, गुंठ्याचा भाव काय, हे प्रश्न ठरलेले. गुरव सगळ्यांची उत्तरं देतात. रेंजचं जरा चढवूनच सांगतात. मग देवळातला तांब्याचा लोटा उचलतात आणि म्हणतात, "वरचं सगळं बघून झालं न्हवं? आता खाली चला. गाव कसं निवडत्यात, ते आमच्या सगुणेनं दावलंय."

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. भिवाजी नावाचा एक निळारी होता. निळारी म्हणजे निळीत कापड रंगवणारा. त्याच्या गावात पटकीची साथ आली. गाव निम्मं गेलं, उरलेलं पांगलं. भिवाजी निघाला तेव्हा बरोबर बायको सगुणा होती, मोठा मुलगा मुरारी होता, आणि सगुणेच्या डोक्यावर निळीचं मडकं होतं. धाकटी बनी नव्हती. तिला आदल्या दिवशी ओढ्याकाठी मातीत ठेवून आले होते.

सगुणा रडली नाही. बायका म्हणाल्या, रडू द्या हिला, नाहीतर आत गोळा बसेल. भिवाजीही म्हणाला, "मुराच्या आई, रड की गं." तिने मान हलवली आणि भाकरी थापायला बसली. भाकरी चांगली झाली, सगळ्यांनी खाल्ली, तिनेही खाल्ली. तिला ती कशाची लागली हे कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. विचारणार तरी कोण? जेवली ना, मग झालं, असंच आपण म्हणतो.

निळाऱ्याला गाव निवडणं म्हणजे पाणी निवडणं. एका गावचं पाणी कापडाला मोराच्या मानेचा रंग देतं, तर दुसऱ्या गावच्या पाण्यातून तेच कापड राखेत लोळवल्यासारखं बाहेर येतं. बाजार मोठा, पाटील चांगला, घर ऐसपैस, हे सगळं नंतर. आणि पाणी बघून कळत नाही, चाखून कळतं. भिवाजीच्या घरात ती जीभ सगुणेची होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला वेगवेगळ्या विहिरींचं पाणी पाजून पाहिलं होतं म्हणे, आणि हिने डोळे मिटून प्रत्येक विहीर ओळखली होती. तेव्हापासून तिच्या जिभेवर घर चालत आलं होतं. ती बरं म्हणाली की निळीचा रांजण जमिनीत पुरायचा, नको म्हणाली की पुढे चालायचं.

रस्त्यात एक बाजारगाव लागलं. नदीकाठचं, भरल्या पेठेचं. भिवाजीने पाण्याची ओंजळ सगुणेपुढे धरली. ती प्यायली. ओलं लागलं, एवढंच. तिला वाटलं, चालून चालून तोंड सुकलं असेल. ती म्हणाली, "बरं हाय."

ते तिथे राहिले. रांजण पुरला, नीळ घातली, चुना घातला, टाकळ्याचं बी शिजवून घातलं आणि मडक्यातलं थोडं पाणी त्यात ओतलं. हे मडकं म्हणजे निळाऱ्याचं विरजण. दह्याशिवाय दही लागत नाही, तसं जुन्या रांजणातल्या पाण्याशिवाय नवा रांजण उठत नाही. भिवाजीच्या आज्यापणज्याच्या रांजणातलं पाणी या मडक्यात चालत आलं होतं. पण कापड बाहेर आलं ते मळकट. भिवाजीने रांजण ओतून दिला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. गिऱ्हाइकांनी कापडं तोंडावर फेकली. भिवाजी बायकोला एका शब्दाने बोलला नाही. तिला तेही कळलं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

विरजण जगावं म्हणून मडक्याला गूळ आणि चुना चारताना एक दिवस तिने चुन्याचं बोट तोंडात घातलं. चुकून नव्हे, मुद्दाम घातलं. जीभ पोळायला हवी होती. पोळली असेलही, तिला समजलं नाही. बोट पदराला पुसून ती कामाला लागली. आपली जीभ बनीबरोबर गेली, हे तिला त्या दिवशी कळलं. पण नवऱ्याला सांगायचं म्हणजे बनीचं नाव घ्यावं लागणार. तिने सांगितलं नाही.

मग पुन्हा वाट. पुढच्या गावात ती भिऊन "नको" म्हणाली. त्याच्या पुढच्या गावातही "नको"च. कोण जाणे, तिथलं पाणी अमृत असेल. मुरारीच्या पायाला फोड आले होते. मडक्यातलं विरजण पातळ होत चाललं होतं. त्याचा तो कुबट वास, जो निळाऱ्याला अत्तराहून प्यारा, तो विरत चालला होता. भिवाजी एकदा मडक्यात नाक घालून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "आता येकच रांजान लागंल एवढं उरलंय. हे मेलं तर आपुन निळारी न्हाई. मग मजुरी. तवा आता नीट चाख गं बाई. तुज्यावर हाय सगळं."

ती "हूं" म्हणाली.

असे ते उंबरसाळला आले. उन्हं चढली होती. तेव्हा गावात नाव घेण्यासारखं काही नव्हतं. थोडी घरं, एक उंबर आणि ही बारव. बारवेत धोंडाई नावाची एक म्हातारी कोळीण बसलेली असायची. डोळ्यांत फुलं पडलेली, माणूस दिसे तो सावलीसारखा. पण येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचा तिचा नेम होता. पायरीवर बसायची, लोटा भरून ठेवायची, पावलं वाजली की हाक मारायची.

सगुणेचा उजवा हात डोक्यावरच्या मडक्याला होता. डावा हात खाली होता आणि अंगापासून जरा लांब. करंगळी पुढे, बाकीची बोटं दुमडलेली. बनीला चालताना आईची करंगळी धरायची सवय होती. बनी गेली, तो हात तसाच राहिला. बरोबर चालणाऱ्या भिवाजीला आणि मुरारीला तो रोज दिसत होता, म्हणून दिसत नव्हता.

धोंडाईला मात्र सावलीतून एवढंच दिसलं, की बाई एका बाजूला कललेली आहे, हात खाली सोडला आहे, म्हणजे बोटाला लेकरू आहे. भिवाजी ओंजळ करून पुढे झाला. म्हातारीने त्याला झिडकारलं.

"व्हय बाजूला. गडीमानसाला कसली आलीया घाई? लेकराला आदी पाजूंदे. उनाचं कवाधरनं चालतंय ते!"

आणि तिने लोटा खाली, सगुणेच्या डाव्या हाताशी नेला आणि धार सोडली. बनीचं तोंड जिथे आलं असतं, तिथे.

पाणी दगडावर पडत राहिलं. भिवाजीचे हात तसेच जोडलेले राहिले. शेवटी मुरारी म्हणाला, "आजे, तितं कुनी न्हाई."

म्हातारीने लोटा सरळ केला नाही. "न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मला आपलं दिसलं. मग तूच पी की गं बाई. पानी कशाला वाया जाया?"

सगुणेने मडकं उतरवलं. ती गुडघ्यावर बसली, लहान मुलं बसतात तशी, आणि त्या खालच्या धारेला तिने ओंजळ लावली. प्यायली. पुन्हा लावली, पुन्हा प्यायली. मग तिने तोंड वर केलं.

"खारं हाय," ती म्हणाली.

खाऱ्या पाण्यात नीळ धरत नाही, हे निळाऱ्याचं पोरही सांगेल. भिवाजीने मडक्याला हात घातला. "चल मग. सांजच्या आत फुडलं गाव गाठू."

"न्हाई," सगुणा म्हणाली. "आवं, खारं लागलं मला. लागलं! बनी गेल्यापासनं मला कायबी लागत न्हवतं. त्या गावचं पानी मी बरं म्हनलं, ते उगंच म्हनलं." एवढ्या दिवसांत बनीचं नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं. "मी हितनं उठत न्हाई."

भिवाजीने मडकं सोडलं आणि धोंडाईपुढे ओंजळ धरली. आधी एक घोट, मग सगळी ओंजळ तो प्यायला. पाणी गोड होतं. शहाळ्याचं असावं तसं गोड आणि हलकं होतं. बारवेचं पाणी तेव्हाही गोडच होतं, असं गुरव सांगतात. भिवाजीने बायकोकडे पाहिलं. तिचं तोंड डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत भिजलेलं होतं, ओघळ ओंजळीत पडत होते आणि आपण रडतोय याचा तिला पत्ताच नव्हता.

भिवाजी तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"खारंच हाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ मग हितंच."

काहीजण याला महादेवाचा चमत्कार म्हणतात. पाणी आधी खारं होतं आणि सगुणेच्या ओंजळीतून गोड झालं, असंही कुणी सांगतं. गुरवांना ते पटत नाही. ते म्हणतात, देवाला मधे घालायचं कारण काय? नवरा आयुष्यात एकदा खोटं बोलला, पण वेळेवर बोलला, हा काय लहान चमत्कार आहे?

उरलेलं सगळं विरजण त्यांनी उंबराखालच्या रांजणात ओतलं. ते उठेल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. मुरारी रोज वास घेऊन यायचा आणि मान हलवायचा. मग एक दिवस रांजणावर तांबूस फेस आला, म्हणजे रांजण उठला. भिवाजीने कापड बुडवून वर काढलं. निळीचं कापड बाहेर येतं ते हिरवं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. सगुणा ते धरून उभी राहिली. कापड निळं झालं, दाट, बिनडागाचं. ती हसली वगैरे नाही. तिने ते वाळत घातलं. त्या संध्याकाळची भाकरी तिला पुन्हा कशाचीच लागली नाही. चव एकदम परत आली नाही, असे सांगतात; कधी मिठाची, मग बऱ्याच दिवसांनी गुळाची, अशी सावकाश येत गेली. पण गाव सोडायची भाषा त्या घरात पुन्हा निघाली नाही.

धोंडाईला खरा प्रकार सगुणेनेच सांगितला. म्हातारी हळहळली नाही. पण तेव्हापासून गावात राहायला म्हणून कुणीही आलं, की ती पहिली धार खाली सोडायची, मग माणसांच्या ओंजळीत. लोक हसायचे, म्हणायचे, आजीला दिसत नाही. त्यावर ती म्हणायची, "मला दिसत न्हाई खरं. पर कुनाच्या बोटाला कोन हाय, ते तुमाला तरी कुटं दिसतंय?"

आजही उंबरसाळला राहायला येणाऱ्यांसाठी पहिली धार खालीच सोडतात. आता घरोघर नळ आले, निळाऱ्यांचा रांजण उरला नाही. बारवेचं पाणी एवढ्यापुरतंच. गोष्ट संपली की गुरव लोटा भरतात, खाली वाकतात आणि खळग्यात धार सोडतात. कुणाला काही विचारायचं नाही, असा गावचा दंडक आहे. बहुतेक माणसं बूट भिजू नयेत म्हणून मागे सरकतात, फोटो काढतात, वर जाऊन पुन्हा गुंठ्याचा भाव विचारतात. त्यांना भाव सांगितला जातो.

कधीतरी मात्र, नवरा भिंतीचे दगड न्याहाळत असताना, बरोबरची बाई गुडघ्यावर बसते आणि धारेला ओंजळ लावते. एकदा एका उंच, टाय लावलेल्या गृहस्थांनीही लावली होती. गुरव मग लोटा रिकामा होईपर्यंत हात हलवत नाहीत. पाणी कसं आहे, हेही विचारत नाहीत. वर येतात आणि रिकाम्या घराची किल्ली आणायला माणूस पाठवतात.