एकाच आवाजाच्या घंटा

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. थोरांनीही ऐकावी, कारण यातली चूक थोराचीच आहे.

डोंगराच्या अलीकडे एक ओतारी राहायचा. गुरांच्या गळ्यातल्या घंटा ओतायचा. गुराखी शेजारी येऊन बसायचा आणि त्याच्या मनाजोगता आवाज लागेपर्यंत ओतारी घंटेची कड घासत राहायचा. दोन घंटा कधी सारख्या वाजल्या नाहीत.

एकदा एक व्यापारी आला. म्हणाला, "डोंगरापलीकडं गुरंच गुरं आहेत. तू नुसतं ओत, विकायचं मी बघतो. पण साचा एकच ठेव. घासत बसलास तर माझ्या गाड्या कधी भरायच्या?"

ओताऱ्याला हायसं वाटलं. गिऱ्हाइकाची किरकिर ऐकून कोण थकत नाही? एका भट्टीच्या दहा झाल्या. गावचे गुराखी दारात आले की तो म्हणे, "सवड नाही रे बाबांनो." मग तेही यायचे थांबले.

दहा वर्षं अशीच गेली. नंतर एका सुगीला व्यापारी आलाच नाही. पुढच्या सुगीलाही नाही. अंगणात घंटांचे ढीग पडून राहिले, कामकरी एकेक करून निघून गेले. वाट बघून बघून म्हातारा ओतारी पार शिणला.

शेवटी पलीकडून गुरं राखणारी एक बाई चालत आली. तिनं ढिगातली घंटा वाजवून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, या तुमच्या होय! शेट कधी तुमचं नाव-गाव सांगायचा नाही, विचारत विचारत आले. अहो बाबा, धुक्यात आम्ही गुरं आवाजावर ओळखतो. माझी गाय दरीकडं गेली आणि मी भलत्याच घंटेमागं धावले. गेली माझी गाय."

"मग सांगायचंत तरी!"

"दर वर्षी सांगितलं त्या शेटला. 'कळवतो' म्हणायचा. आम्ही घंटा घ्यायच्या सोडल्या, तसा तो मिठाच्या धंद्यात गेला."

म्हाताऱ्याला रडू फुटलं. "त्यानं सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही गं पोरी. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

"या गुडघ्यांनी?"

"हळूहळू येईन."

तीन दिवसांचा डोंगर चढायला त्याला बारा दिवस लागले. पलीकडं बसून त्यानं एकेकाला विचारून त्यांच्याकडच्या घंटा घासून दिल्या. तिथं मिळालेल्या नव्या मागणीच्या जोरावर, परतल्यावर घरची एक भट्टी कशीबशी पेटली. बाकीच्या नऊ थंडच राहिल्या, कारण तेवढी गिऱ्हाइकं चालत जाऊन गाठायला आता आयुष्य उरलं नव्हतं.

तात्पर्य: माल दुसऱ्याच्या हातून खुशाल पाठवा, पण गिऱ्हाइकाचं म्हणणं आपल्याच कानांनी ऐका.