पाच बोटांचं तळं

घाट उतरून आमच्या पाभळवाडीत शिरलं की डाव्या हाताला तळं लागतं. वरून बघितलं तर पंजा पसरल्यासारखं दिसतं. मधे तळहात, भोवती पाच बोटं आणि काठावर मातीचं एक टेकाड. पाहुणे विचारतात, तळं असं वेडंवाकडं का? तेव्हा वाडीतली म्हातारी माणसं टेकाडावर बसवून घेतात आणि सांगतात ते असं.

फार मागं वाडीत पाणी नव्हतं म्हणे. बायना नावाची एक तरणी बाई होती, तिचं पोर सहा महिन्यांचं. पोराला पाळण्यात ठेवून दोन कोस पाण्याला जायचं, पण जीव सगळा मागं. रडत असेल का, पडलं असेल का, मुंगळा चावला असेल का, या विचारात तिच्या दोन घागरी फुटल्या. शेवटी ती देवीपुढं बोलून बसली, दाराशी पाणी लागेपर्यंत पोराचं जावळ काढणार नाही.

तिच्याबरोबर चौघी पाण्यासाठी खणायला उठल्या. नवऱ्याची आत्या ठकूआत्या, भागू आणि सारजा या अबोला धरलेल्या जावा, आणि काशी कुंभारीण. पण पाणी पहिलं आपल्याच खड्ड्यात लागावं असं जिला तिला वाटे. म्हणून पाचजणींनी गोलात पाच खड्डे धरले आणि माती मधे टाकत गेल्या. कुणाला काय लागलं ते कुणी सांगेना. बायना घडीघडी विचारी, तर ठकूआत्या म्हणे, "तू आपलं पोर बघ गं." असं दोन वर्षं चाललं. पोराचे केस पाठीवर आले. एकदा तर कासारीण त्याला पोरगी समजून बांगड्या भरून गेली.

त्या दिवशी बायना रडली आणि मग चिडली. भाकरीच्या वेळी तिनं सगळ्यांना मातीच्या ढिगाच्या सावलीत बसवलं. बसल्या तशा चौघी एकदम बोलायला लागल्या. बायना म्हणाली, "आत्या, तुम्ही बोला. पण आधी भागूवहिनी काय म्हणाल्या ते सांगा, मग तुमचं."

ठकूआत्या भागूच्या तोंडाकडं बघायला लागली. भागू काय म्हणाली ते तिनं ऐकलंच नव्हतं. काशीला हसू आवरेना.

मग पहिल्यापासून सुरू झालं. भागू म्हणाली, माझ्या खड्ड्याची ढिगाकडची बाजू ओली लागते. पाळी सारजाची. तीन वर्षांत जावेचं नाव न घेतलेली ती खाली बघत म्हणाली, "थोरली म्हणते, ढिगाकडची बाजू ओली. माझीपण तीच ओली आहे." काशीनं तिचं सांगून आपलं सांगितलं, ढिगाकडं चिकणमाती लागते, हाताला गार. ठकूआत्या काशीचं बोलता बोलता थांबली आणि तिनं मागं वळून ढिगाकडं बघितलं.

"अगं बायांनो, दोन वर्षं आपण पाण्यावरच माती टाकतोय की!"

मग पाचजणी ओळीनं उभ्या राहिल्या. पाट्या हातोहात गेल्या, नऊ दिवसांत ढीग काठाला गेला. मधे कमरेएवढं खणलं आणि पाणी लागलं, ते पाचही खड्ड्यांत शिरलं. कुणाच्या खड्ड्यात आधी, ते कुणी बघितलंच नाही म्हणतात. पोराचं जावळ तिथंच काठावर निघालं. पोर पळत होतं, चौघींनी धरलं.

आजही वाडीतल्या पोरांची जावळं तळ्यावरच निघतात. आजही कामाचं बोलायला बसलं की आधी दुसऱ्याचं सांगायचं, मग आपलं. वेळ लागतो, पाहुणे कंटाळतात. पण कुणी मधेच तोंड घातलं, तर एखादी म्हातारी नुसतं टेकाडाकडं बोट करते.