सुभानाच्या जागी सुभाना

नेमकं साल विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पण फार फार वर्षांपूर्वी एका मोठ्या नदीच्या काठी एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक विचित्र रीत होती. लढाईत कुणी शिपाई पडला, तर राजाने स्वतः अनवाणी त्याच्या घरी जायचं, अंगणात मातीवर बसायचं आणि तो कशासाठी पडला हे त्याच्या आईला आपल्या तोंडाने सांगायचं. प्रधानाला पाठवून भागत नसे.

रीत विचित्र खरी, पण गुणकारी होती. त्या राज्यात दोन-दोन पिढ्या लढाई होत नसे. आईसमोर बसून सांगता येईल असं कारण राजांना सहसा सापडतच नसे.

मग गादीवर एक नवा राजा आला. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. त्याला उन्हाळा सोसत नसे. शेजारच्या राज्यात, अगदी सीमेला लागून, एक टेकडी होती आणि तिच्यावर बारा महिने गार वारा असायचा. तिथे आपला महाल असावा असं राजाच्या मनाने घेतलं. शेजारी टेकडी देईना. लढावं म्हटलं, तर रीत आडवी येत होती.

तेव्हा दरबारात एक मुकादम आला. लढायला माणसं पुरवणं हाच त्याचा धंदा. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, आपली माणसं घरी राहू द्या, माझा जथा न्या. ती माणसं आपली प्रजा नाहीत, तेव्हा आपल्या रीतीत बसत नाहीत. आणि माझ्या जथ्यात माणूस कमी होतच नाही. आज शंभर देतो, लढाई संपल्यावर शंभर उभे करून दाखवतो."

राजाला हायसं वाटलं. एवढं हायसं वाटतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या जथ्यात केरबा नावाचा एक भालाईत होता. दूरच्या एका खडकाळ डोंगरावरचा. तिथे नाचणी पिके, ती चार महिने पुरे. उरलेल्या आठ महिन्यांसाठी तिथले पुरुष मुकादमाबरोबर बाहेर पडत. लढाई कुणाची, कशाची, हे कुणी विचारत नसे. विचारून नाचणी वाढणार नव्हती. केरबाबरोबर त्याच्याच गावचा सुभाना होता, एका विधवेचा एकुलता एक मुलगा. निघताना सुभानाच्या आईने केरबाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की माझं पोरगं पुढे पुढे करतं, त्याला मागे ओढत जा. केरबाने हो म्हटलं होतं.

सुभाना खरंच पुढे पुढे करणारा. एकदा राजा लढाई बघायला आला आणि उन्हाने भोवळ येऊन पडला. वैद्य कोणती मात्रा द्यावी यावर वाद घालत राहिले. सुभानाने कमरेच्या फडक्यातला कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि सरळ राजाच्या नाकाशी धरला. राजा शिंकत उठून बसला, हसला आणि त्याने त्याचं नाव विचारून घेतलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी टेकडीच्या चढावर सुभाना पडला. केरबा चारच हात मागे होता. त्याने त्याला ओढायला हात लांब केला, पण तो पोचला नाही.

आता या जथ्याची पद्धत ऐका. माणूस पडला की मुकादम त्याला तिथेच मूठमाती देई आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस आणी. नव्याला मेलेल्याचा भाला मिळे, मेलेल्याचं कांबळं मिळे आणि मेलेल्याचंच नाव मिळे. जथा कधी कमी होत नसे तो असा. गावाकडून कुणी चौकशी केलीच, तर 'आहे की सुभाना जथ्यात' असं उत्तर जाई आणि ते अगदीच खोटंही नसे. मेलेल्याबद्दल जो तोंड उघडेल त्याची जागा जाई.

रोज सकाळी हजेरी होई. मुकादम सुभानाच्या नावाने हाक मारी आणि कुणी परकाच माणूस "जी" म्हणे. केरबा मान फिरवून घेई. त्या नव्या माणसाचा मात्र त्याला राग येत नसे. तोही कुणाचा तरी मुलगा होता आणि त्याचं खरं नाव तर आता कुणीच घेत नव्हतं.

शेवटी टेकडी हाती आली. राजाने दरबार भरवला. मुकादमाने शंभर माणसं उभी करून दाखवली आणि पलीकडची दुसरी टेकडीही घेऊन देतो, असं लगेच सांगून टाकलं. राजा खुशीत होता. त्याने चांदीचं कडं मागवलं आणि सुभानाला पुढे बोलावलं.

नवा सुभाना पुढे आला. राजाने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तू माझ्या नाकाशी काय धरलं होतंस?"

तो बिचारा मुकादमाकडे बघू लागला. मुकादमाने हसून सारवासारव केली, की ही रानातली माणसं, दरबारात त्यांची बोबडी वळते. पण राजा जथ्याकडे वळला. "हाच सुभाना आहे का?"

सगळी माणसं जमिनीकडे बघत राहिली. केरबाही. घरी त्याची तीन पोरं होती. बोललं तर जागा जाणार होती. न बोलावं, तर सुभाना कधी मेलाच नव्हता आणि त्याची आई मरेपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसणार होती. ते केरबाला सोसेना.

"न्हाई महाराज," तो म्हणाला. "सुभाना टेकडीच्या चढावर पडला. ह्यो त्याच्या जागंवर आलाय."

"अशा किती जागा भरल्या?"

"म्या बघितल्या त्या तीसच्या वर."

मुकादमाने तिथल्या तिथे केरबाच्या हातातला भाला काढून घेतला. आता गमवायला काही उरलं नव्हतं, म्हणून छावणीत कानावर आलेल्या रीतीप्रमाणे महाराज सुभानाच्या आईकडे जाणार का, असं केरबाने विचारलं. प्रधान संतापला. ती रीत आपल्या माणसांसाठी आहे, भाडोत्र्यांसाठी नाही, असं त्याने बजावलं.

"टेकडीवर पडला, तवा तुमचाच म्हनून पडला की," केरबा म्हणाला. "त्याच्या आईला म्या काय सांगू? कशापायी पडला, ते मलाबी ठावं न्हाई."

राजा गादीवरून उतरला. मग त्याने पायातले जोडे काढले.

सात दिवसांची वाट होती. पुढे केरबा, मागे राजा. राजाचे पाय सोलून निघाले. सुभानाच्या आईने केरबाबरोबर आपला मुलगा नाही हे पाहिलं आणि काय ते ओळखलं. ती मटकन खाली बसली. राजा तिच्यासमोर मातीत बसला. त्याने आधी सुभानाच्या शौर्याचं सांगितलं, इमानाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले.

"पर कशापायी?" तिने विचारलं.

राजाने मान खाली घातली. "त्या टेकडीवर गार वारा असतो, आई. मला उन्हाळा सोसत नाही. तिथे महाल बांधायचा होता."

त्याचं त्यालाच ऐकवेना. म्हातारी त्याच्या सोललेल्या पायांकडे बघत राहिली.

"वारा तर आमच्याबी डोंगरावर लई हाय, राजा," ती म्हणाली. "सांगावा धाडला असतास, तर चार म्हैने हितंच ऱ्हायला बोलावलं असतं. माझा सुभानाच तुला घ्याया आला असता."

राजाला रडू आवरेना. पण त्या डोंगरावर अशी आणखी आठ घरं होती, बाकीची दुसऱ्या गावांत होती आणि रीत म्हणजे रीत. प्रत्येक दारात त्याने तेच कारण सांगितलं. शेवटच्या घरी त्याला वाक्य पुरं करता आलं नाही.

परत आल्यावर त्याने टेकडी शेजाऱ्याला देऊन टाकली. दुसऱ्या टेकडीचं नाव काढलं नाही. जथ्यातल्या ज्यांना यायचं होतं, त्यांना नदीकाठची पडीक जमीन कसायला दिली आणि देताना प्रत्येकाला त्याचं खरं नाव विचारलं. केरबा बायकापोरांसकट तिथे आला. सुभानाच्या आईलाही तो चल म्हणाला, पण तिने डोंगर सोडला नाही. मुकादम पुढच्या राज्यात गेला. अशा माणसाला गिऱ्हाईक मिळतंच.

बोध एवढाच: दुसऱ्याचा मुलगा लढायला पाठवण्याआधी, त्याच्या आईला तोंडावर सांगता येईल असं कारण आपल्याजवळ आहे का, ते पाहावं.