पुसलेला नट

एका शहरात मोरेश्वर केळुसकर नावाचा एक म्हातारा नट राहत होता. एके काळी त्याने गावोगावी नाटके केली होती. तो राजा झाला होता, सावकार झाला होता, मुलीच्या लग्नात हात जोडून उभा राहणारा बापही झाला होता. पुढे नाटक कंपनी मोडली. बायको वारली. मूलबाळ नव्हतेच. रस्त्यात थांबवून नमस्कार करणारे लोक एकेक करून कमी झाले, आणि मग एकही उरला नाही.

तो दोन खोल्यांत एकटा राहायचा. जेवायला बसला की समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारायचा, "मीठ जास्त झालंय का गं?" थोडा थांबायचा. मग स्वतःच म्हणायचा, "चालेल."

त्या शहराबाहेर एक चित्रनगरी होती. तिथे पराशर नावाचा दिग्दर्शक अंतराळातल्या साहसाचा एक मोठा चित्रपट करत होता. गोष्ट साधी होती. एका मुलीचे यान परक्या ग्रहावर कोसळते. तिथे तिला एक प्राणी भेटतो. हत्तीहून उंच, अंगभर खवले, आणि आपल्या जातीतला शेवटचा. तो तिच्याकडून तोडकेमोडके बोलायला शिकतो. दोघे वादळे आणि आगीच्या दऱ्या ओलांडून यानापर्यंत पोचतात. यान दुरुस्त होते, पण त्यात प्राणी मावत नाही. तिला एकटीला निघावे लागते.

वादळ, दऱ्या, यान, आकाशातले दोन चंद्र, सगळे नंतर कॉम्प्युटरवर तयार होणार होते. प्राणीसुद्धा. पण चित्रीकरणाच्या वेळी त्याच्या जागी कुणीतरी उभे राहणे भाग होते, नाहीतर मुलीचे काम करणाऱ्या नटीने बघायचे कुठे आणि बोलायचे कुणाशी? म्हणून मोरेश्वरला बोलावणे आले.

त्याला वाटले, भूमिका मिळाली. त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वेळेआधी जाऊन पोचला. कपडेपटवाल्याने त्याच्या हातात हिरवा अंगरखा आणि हिरवी विजार ठेवली. सोबत एक उंच काठी दिली. काठीच्या टोकाला कापडाचे डोके बांधले होते.

"सगळं हिरवंच का?" मोरेश्वरने विचारले.

"हिरवा रंग नंतर सहज पुसता येतो, काका."

"आणि आतला माणूस?"

"तोही."

मोरेश्वरने कपडे चढवले. पण त्याच्या मनातून काम उतरले.

पहिले काही दिवस त्याने दिवस ढकलले. भिंती हिरव्या, जमीन हिरवी, अशा त्या प्रचंड दालनात तो काठी खांद्याला टेकवून उभा राहायचा. तोंडात सुपारी असायची. प्राण्याची वाक्ये तो रांगेत उभे राहून आपला नंबर सांगावा तशी सांगायचा. त्याला कुणी रागावले नाही. रागावण्याइतके त्याच्याकडे कुणाचे लक्षच नव्हते. त्याचा आवाजही पुढे काढून टाकणार होते आणि तिथे एका नामवंत नटाचा भारदस्त आवाज घालणार होते. मोरेश्वर स्वतःशी म्हणायचा, 'तोंड दिसायचं नाही, आवाज ऐकू यायचा नाही. मग जीव कुणासाठी काढायचा?'

नटीचे नाव होते रेवती. ती रोज त्या हिरव्या पोकळीत उभी राहून नसलेल्या वादळाला भ्यायची आणि नसलेल्या चंद्रांकडे बघून हरखायची. पण प्राण्याशी बोलायची वेळ आली की तिचे काम फिके पडायचे. पराशर पुन्हा करायला सांगायचा. ती पुन्हा करायची. पुन्हा तसेच व्हायचे.

"असू दे," पराशर एकदा म्हणाला. "मागे ज्वालामुखी फुटणार आहे. लोक तिकडेच बघतील."

रेवतीने मान खाली घातली.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले. मोरेश्वर चष्मा विसरला होता म्हणून परत आला. दालनात रेवती एकटीच होती. तिने ती काठी भिंतीला टेकवून उभी केली होती आणि ती तिच्याशी बोलत होती. "तुला इथे किती वर्षं झाली?" असे विचारून ती थोडा वेळ थांबली. समोरून काही आले नाही, तेव्हा तिने स्वतःच हळूच "हं" म्हटले आणि पुढचे वाक्य घेतले.

मोरेश्वर दारातच उभा राहिला. रिकाम्या जागेला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचे, हे त्याच्या रोजच्या जेवणातले होते. पण बाहेरून ते कसे दिसते, हे त्याने कधी पाहिले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली. ही पोर इतके दिवस समोर माणूस असून एकटी होती, आणि तो माणूस आपण होतो.

त्याने सुपारी थुंकली. तो पुढे गेला, काठी उचलली आणि म्हणाला, "वर्षं मोजायची सोडली. मोजून सांगणार कुणाला?"

रेवतीने वळून पाहिले. ती हसली नाही, तिने आभारही मानले नाहीत. तिने फक्त पुढचे वाक्य म्हटले, आणि ते वाक्य खरे वाटले.

त्या दिवसापासून मोरेश्वर बदलला. घरी तो वाक्ये पाठ करू लागला. इतका मोठा देह वळताना किती वेळ घेईल, आपल्या जातीतला शेवटचा प्राणी झोपताना कुठल्या बाजूला तोंड करील, असा विचार करू लागला. काठी जड होती. तो ती दिवसभर उंच धरून चालायचा, वाकायचा, रेवतीला वारा लागू नये म्हणून आडवा उभा राहायचा. तिथे वारा नव्हता. तरी तो आडवा उभा राहायचा.

मग निरोपाचा प्रसंग आला. पराशरने त्यासाठी उल्कांचा पाऊस ठरवला होता. कागदावर लिहिले होते की मुलगी यानाच्या पायऱ्या चढते आणि प्राणी आकाशाकडे तोंड करून दुःखाने गर्जना करतो.

कॅमेरा सुरू झाला. रेवती पायऱ्या चढली आणि मागे वळली. मोरेश्वरला गर्जना करायची होती. त्याच्या तोंडून ती निघाली नाही. आयुष्यभरात त्याने पुष्कळांना दारातून निरोप दिला होता, आणि गर्जना करून कुणालाच दिला नव्हता. तो खाली उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जा. पोचल्यावर कळव."

एवढेच. पृथ्वीवरून त्या ग्रहापर्यंत कळवायला काहीच साधन नव्हते. रेवतीला ते ठाऊक होते आणि प्राण्यालाही ठाऊक होते. ती "हो, कळवते" म्हणाली आणि तिला रडू फुटले.

पराशर पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "उल्का काढून टाका. इथे आकाशात काही नको. वाक्य हेच राहू दे."

चित्रीकरण संपले. मोरेश्वरने हिरवे कपडे घडी करून परत दिले. रेवतीला दुसऱ्या कामावर जायचे होते, तिची गाडी बाहेर उभी होती. तिने लांबूनच हात केला. मोरेश्वर बस पकडून घरी आला. त्यानंतर त्याला कुणाचा फोन आला नाही.

काही महिन्यांनी चित्रपट लागला. मोरेश्वर तिकीट काढून एकटाच बघायला गेला. वादळे फार देखणी होती. ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राणी पडद्यावर आला तेव्हा मोरेश्वर खुर्चीत पुढे सरकून बसला. खवले होते, पाणीदार डोळे होते, घुमणारा आवाज होता. त्याने त्यात स्वतःला खूप शोधले. निरोपाच्या वेळी सगळे सभागृह गप्प झाले. "जा. पोचल्यावर कळव," प्राणी त्या नामवंत आवाजात म्हणाला. पलीकडच्या खुर्चीतली बाई पदराने डोळे पुसू लागली.

शेवटी पडद्यावर नावे सरकली. वादळ करणाऱ्यांची होती, यान करणाऱ्यांची होती, चहा देणाऱ्याचेही होते. मोरेश्वरचे नव्हते.

दिवे लागल्यावर त्याला राहवले नाही. तो त्या बाईला म्हणाला, "त्या प्राण्याच्या जागी मी उभा होतो."

बाई गोंधळून नवऱ्याकडे बघू लागली. नवरा समजावणीच्या सुरात म्हणाला, "आजोबा, ते सगळं कॉम्प्युटरवर करतात."

"हो," मोरेश्वर म्हणाला. "तसंच करतात."

तो घरी आला. त्या दिवशी जेवताना त्याने खुर्चीला काही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दार वाजले. बाहेर एक अनोळखी मुलगी उभी होती. पाठीवर पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"केळुसकर काका ना? मी नाझनीन मुजावर. रेवतीताईंकडून पत्ता घेतला." ती जरा घुटमळली. "काका, मी तुम्हाला पुसलं."

मोरेश्वरला अर्थ लागला नाही. त्याने तिला आत बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि चहाचे आधण ठेवले. नाझनीनने तिचे काम सांगितले. ती एका अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. पडद्यावर जे दिसायला नको ते ती चित्रामागून चित्र घेऊन काढून टाकायची. दोऱ्या, दिवे, सावल्या, माणसे. ती मिरजेहून कामासाठी आली होती. शहरात तिच्या ओळखीचे कुणी नव्हते. ती सकाळी खोलीत शिरायची आणि बाहेर पडेपर्यंत एक शब्द बोललेली नसायची.

"या सिनेमात तुम्हीच माझ्याकडे होता," ती म्हणाली. "एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. प्रत्येक चित्रात तुम्ही. दिवसभर तुम्हालाच बघायचे. दुसरं कुणी नसायचंच."

मोरेश्वर कप हातात धरून उभा होता.

"ती दरीजवळ घसरते तेव्हा तुम्ही काठी सोडून तिला धरायला गेलात आणि मग आठवण झाली की ती दरी नाही. डायरेक्टरनी ते बघितलं नसेल. मी बघितलं. काठीच्या वजनानं तुमचे हात थरथरायचे. तिला कळू नये म्हणून तुम्ही कोपर पोटाला टेकवायचात. तेही मी बघितलं. प्राणी बनवणारे माझ्याच मजल्यावर बसतात. त्याची मान वळते ती तुमचीच मान आहे, काका. खवले तेवढे त्यांचे."

"आणि मग पुसायचीस," मोरेश्वर म्हणाला.

"कामच होतं." नाझनीनने मान खाली घातली. "पण निरोपाचा शॉट मी फार हळू केला. साहेब विचारत होते, एवढा वेळ का लागतोय. शेवटचं चित्र पुसलं आणि खोली एकदम रिकामी झाली. त्या दिवशी ठरवलं, तुम्हाला एकदा भेटायचं."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. आधण उकळून गेले होते. मोरेश्वरने गॅस बंद केला आणि तिच्यासमोर येऊन बसला. नटाला स्वतःचे तोंड कधीच दिसत नाही. आयुष्यभर त्याने ते लोकांच्या डोळ्यांत पाहिले होते, आणि या वेळी लोकांना ते दाखवलेच गेले नव्हते.

"पोरी," त्याने विचारले, "शेवटचं वाक्य म्हणताना मी कसा दिसत होतो?"

नाझनीनला आठवावे लागले नाही.

"हसत होता," ती म्हणाली. "डोळे भरले होते. पण तिचा पाय निघावा म्हणून तुम्ही हसत होता."

मोरेश्वरला हे माहीत नव्हते. तो उठला आणि त्याने चहा पुन्हा नव्याने टाकला, दोघांचा.

तात्पर्य: कोण बघते आहे याचा विचार न करता कामात जीव ओतावा. असे काम कुणालाच दिसले नाही, असे कधी होत नाही. निदान पुसणाऱ्याला तरी ते दिसतेच.